सरकी म्हणजे जन्म

आमच्या मानवतच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, दोन कॉम्प्युटर आहेत आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही. एक बाबांच्या भुसार दुकानात, दुसरा काकांच्या कापसाच्या ऑफिसात. मध्ये भिंत, आणि भिंतीला चहाचा कप जाईल एवढी खिडकी. दोन्ही कॉम्प्युटरांत वालूरचे एक मामा आहेत. मामा म्हणजे आमचं जुनं गिऱ्हाईक. तूर आणि सोयाबीन बाबांना घालतात, कापूस काकांना. बाबांकडे ते आडनावाने नोंदले आहेत, काकांकडे नुसत्या गावाने, आणि काकांच्याच कॉम्प्युटरमध्ये पुन्हा एकदा त्यांच्या मुलाच्या मोबाइल नंबरासकट वेगळे. दिवाळीला त्यांना आमच्याकडून शुभेच्छांचे तीन मेसेज जातात. मामा तिन्हींना वेगवेगळी उत्तरं पाठवतात, कारण आमच्याकडे माणसं वाढली असावीत असं त्यांना वाटतं.

मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. माझं काम काय, हे बाबा गावात असं सांगतात: "ती लोकायला इचारते, तुमी काय करता. आन् मंग तेच त्यायला लिहून देते." ही व्याख्या मला लागते, कारण तिच्यात चूक काढता येत नाही.

या मे महिन्यात लॅपटॉप घेऊन माहेरी आले, तेव्हा बाबा म्हणाले, "लोकायचं लय करतीस. आता घरचं कर. हे दोन्ही डबे मोडून एक चांगलं सॉफ्टवेअर बसव." काकांनी खिडकीतून मान हलवली. मला तर हेच हवं होतं. जिथे जन्मापासून 'तुला काय कळतंय' ऐकलं, तिथेच सगळ्यांना समोर बसवून शिकवायची संधी कोण सोडणार?

पुढचं कळायला आमचं घर माहीत हवं. जिनिंगच्या मागे एकच घर, एकच स्वयंपाकघर, आणि त्यात आई, बाबा, काका, काकू. आई पेडगावच्या शाळेत शिकवायची, आता निवृत्त झाली आहे. लहानपणी मी उठायच्या आत ती एसटीत बसलेली असे. काकूला मूलबाळ झालं नाही, त्यामुळे वेण्या, ताप, पाढे, हट्ट, सगळं तिच्याकडे. आईला मी आईच म्हणायचे आणि काकूला काकूच, पण पडले, लागलं, की रडायचे ते काकूच्या नावाने. आईला त्याचं काय वाटायचं हे मी विचारलं नाही. निवृत्त झाल्यापासून दोघी मिळून मला बोलतात, एवढं मात्र खरं.

तर पद्धत अशी. कुठल्याही धंद्यात एका बाजूला कामं असतात: माल उतरवणं, वजन करणं, दर ठरवणं, शेतकऱ्याच्या हिशेबाची पट्टी करणं, कापसाच्या गाठी पाठवणं. दुसऱ्या बाजूला माहिती असते: शेतकरी कोण, वजन किती, दर काय, गोदामात काय शिल्लक. कामं उभ्या बाजूला मांडायची, माहिती आडव्या बाजूला, की मध्ये घरांचा पट तयार होतो. कुठलं काम कुठली माहिती जन्माला घालतं आणि कुठलं काम ती नुसती वापरतं, याच्या खुणा त्या घरांत करायच्या. मग रांगा वरखाली आणि इकडेतिकडे सरकवत राहायचं. सरकवता सरकवता एकमेकांची गरज असलेल्या खुणा घोळक्याने एकत्र येतात. त्या घोळक्याभोवती रेघ ओढली की एक मोठं घर झालं, म्हणजे एक सिस्टिम. बाकी माझ्या पगाराचं समर्थन करायला जी भाषा लागते ती वेगळी, पण काम एवढंच.

हे कागदावर दाखवलं असतं तर बाबांनी त्या कागदावर चहाचा कप ठेवला असता. म्हणून मी सरकीच्या गोदामात गेले. तिथे शहाबादी फरशी आहे, चौकोनी, म्हणजे पट आयताच. कडेला पुठ्ठ्याचे तुकडे ठेवून त्यांवर कामांची आणि माहितीची नावं लिहिली. खुणांसाठी गोदामातलीच सरकी घेतली आणि काकूच्या डब्यातले चिंचोके. सरकी पेरली की कपाशी उगवते, म्हणून सरकी म्हणजे जन्म. चिंचोका म्हणजे वापर, कारण तो उरला होता.

पहिल्याच सकाळी बाबा, काका आणि दोन-चार हमाल यांना जमवून मी व्याख्यान दिलं. हातात तोलकाट्याजवळची काठी होती, त्यामुळे जरा जोरही चढला. "नियम एकच," मी म्हणाले. "ज्यानं जन्म दिला, त्याच्या घरात ती गोष्ट. वापरणारे कितीबी असू द्या, वरीसभर वापरू द्या, ते बाहेरचे. आन् जन्म देणारा एकच पायजे. दोन असले की भांडण ठरलेलं."

काकू चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने हे ऐकलं. ती आत आली नाही, ट्रे हमालाच्या हातात देऊन परत गेली. मला वाटलं, तिला गोदामातल्या धुळीचा त्रास होतो.

पट भरायला लागलो आणि दराशी येऊन अडकलो. "दर जन्माला कोण घालतं?" मी विचारलं.

"आमी दोघं," बाबा म्हणाले.

"दोघं चालत नाही."

"कामून चालत न्हाई? आजवर चाललं की."

"आजवर वालूरचे मामा तीन होते, तेबी चाललंच."

यावर काका हसले आणि बाबांनी हमालांना कामाला पिटाळलं. खरं तर दर कसा ठरतो हे मला लहानपणापासून माहीत होतं. सकाळी दोघे स्वयंपाकघरात चहाला बसतात. मोबाइलवर भाव आलेले असतात, ते दोघांनी आपापले वाचलेले असतात. मग एकजण भुवई उचलतो, दुसरा बशी जराशी फिरवतो, पहिला नाक ओढतो आणि दर ठरतो. कापसाचाही आणि तुरीचाही. आकडा त्यांनी मोठ्याने म्हटलेला मी कधी ऐकला नाही. पण भुवई आणि बशी यांना सॉफ्टवेअरमध्ये कुठे बसवू? म्हणून मी दराच्या रांगेत दोघांच्या नावाने ठेवलेले सरकीचे दोन्ही दाणे उचलले आणि म्हणाले, "तुमचं ठरलं की सांगा, कुणाच्या नावावर टाकायचा. तवर रिकामं."

दुसऱ्या दिवशी वॉचमनची शेळी गोदामात शिरली आणि तिने पटावरची सगळी सरकी खाल्ली. चिंचोक्यांना तोंड लावलं नाही. जन्म सगळे तिच्या पोटात गेले आणि नुसते वापर उरले. अनेक सरकारी योजनांची मांडणी मी अशीच पाहिली आहे, त्यामुळे फार वाईट वाटून न घेता पुन्हा दाणे मांडले. या वेळी रांगा सरकवताना मात्र मजा आली. सरकवता सरकवता पट दोन कोपऱ्यांत गोळा झाला. एका कोपऱ्यात जिनिंगचं सगळं, दुसऱ्यात भुसारचं सगळं. मी खडूने दोन मोठी घरं आखली, एकावर 'काका' लिहिलं, एकावर 'बाबा', आणि लगेच गच्चीवर जाऊन ऑफिसातल्या मैत्रिणीला फोन लावला. तिच्याखेरीज हा आनंद कळणारं माणूस मानवतमध्ये नव्हतं.

फोनवर मी जे बोलले ते जसंच्या तसं देते. "अगं, मस्त झालं! दोन घरं सरळ वेगळी निघाली. एक बाबांचं, एक काकांचं. मध्ये फक्त दर अडकलाय. तो एकदा कुणा एकाच्या नावावर केला, की ओढली रेघ."

आता हे पुन्हा वाचा, आणि वाचताना शहाबादी फरशी डोळ्यांपुढे आणू नका. गच्चीच्या दुसऱ्या टोकाला काकू कुरडया वाळत घालत होती.

मला हे सगळं नंतर कळलं. तुम्हाला आत्ताच सांगते, म्हणजे पुढचे दिवस मी किती शहाणी दिसत होते याचा अंदाज येईल. काकूने काकांना सांगितलं की दादांनी, म्हणजे बाबांनी, वेगळं निघायचं ठरवलंय आणि पोरीला मोजमाप करायला बोलावलंय. काका गप्प बसले. काका गप्प बसलेले पाहून आईने बाबांना सांगितलं की भावजींच्या मनात काहीतरी आहे. बाबांनी गोदामात येऊन खडूची दोन घरं पाहिली, त्यांवरची नावं वाचली आणि त्यांना वाटलं, हे धाकट्याने पोरीला सांगून करून घेतलं. दोघांपैकी एकानेही दुसऱ्याला विचारलं नाही. आमच्याकडे भांडण झालं तर आवाज रस्त्यापर्यंत जातो आणि जेवणापर्यंत संपतो. पण मानापमानाचं काही असलं की सगळे एकदम सभ्य होतात.

आणि सभ्यपणा असा काही माजला की विचारू नका. "तुमी घ्या आधी." "न्हाई न्हाई, तुमचं होऊ द्या." भिंतीतली खिडकी बंद झाली, कूलरची हवा जाते म्हणे. बाबा चहा बैठकीत मागवायला लागले आणि काका ऑफिसात. काकूने कुरडयांचे दोन डबे केले. लोणच्याच्या दोन बरण्या केल्या, सारख्या भरल्या आहेत ना हे वाकून पाहिलं. आईने विचारलं, "हे कामून?" तर काकू म्हणाली, "असू द्या ताई, मागून गडबड नको." आईचे डोळे भरले. मी तिथेच जेवत होते आणि मला वाटलं, लोणचं तिखट झालंय.

एकदा दुपारी काकू माझ्या केसांना तेल लावत होती. मध्येच तिचा हात थांबला.

"दिवाळीला आलीस तर कुणाकडं उतरशील?"

मला वाटलं, थट्टा करते आहे. "जिथं फराळ चांगला असंल तिथं."

तिने तेल इतकं घातलं की उशीचा अभ्रा बदलावा लागला.

मग वालूरचे मामा आले. पेरणीच्या आधी घरात दाबून ठेवलेला कापूस बाहेर निघतो, तसा त्यांनी टेम्पो भरून आणला होता. ऊन असं की टेम्पोच्या पत्र्याला हात लागत नव्हता. मामा काकांच्या ऑफिसात गेले आणि विचारलं, आज दर काय.

काका म्हणाले, "मोठ्या शेठला इचारा. दराचं आता त्यायच्याकडं."

मामा बाबांकडे गेले. बाबा म्हणाले, "कापूस जिनिंगचा हाय. जिनिंगवाल्याला इचारा."

मामा परत काकांकडे गेले, परत बाबांकडे आले. खिडकी बंद असल्यामुळे त्यांना प्रत्येक वेळी उन्हातून वळसा पडत होता. शेवटी ते गोदामात माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि टोपीने वारा घेत म्हणाले, "ताई, तुमच्यात दर कोन देतं?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न इतका नेमका कुणी विचारला नव्हता. मी त्यांना पटाशी नेलं, पद्धत समजावली, सरकी म्हणजे जन्म, चिंचोका म्हणजे वापर. मामांनी शांतपणे ऐकलं आणि दराच्या रांगेवर वाकून पाहिलं. तिथली सरकी मी उचलली होती, ती परत ठेवलेलीच नव्हती.

"हितं तर नुसते चिंचोकेच हायेत," मामा म्हणाले. "मंग म्या कापूस काय चिंचोक्याच्या भावानं घालू?"

मी हसले, पण ते हसले नाहीत. "वाटण्या झाल्या तर सांगायचं तरी," ते म्हणाले. "बाजारात समदे म्हणायलेत, शेठच्या पोरीनं फरशीवर नकाशा काढून दोघायला वेगळं केलं. तुमचे हमालच सांगायलेत. म्या म्हणलं, न्हाई, मला तर तिघं-चौघं मिळून मेसेज धाडतेत."

खडूची दोन घरं, त्यांवरची दोन नावं, बरण्या, खिडकी, फराळ. सगळं एकदम माझ्या टाळक्यात शिरलं आणि मी गोदामाच्या दारातून अशी ओरडले की तोलकाट्यावरचा माणूस वजन चुकला. चौघांनाही बोलावलं. आई आणि काकू पदराला हात पुसत आल्या. बाबा आणि काका वेगवेगळ्या दारांनी आले.

"ही घरं म्हणजे घरं न्हाईत!" मी म्हणाले. हे वाक्य मी नोकरीत म्हटलं असतं तर मला काढून टाकलं असतं. "हे पटावरचं घर. बुद्धिबळात असतं तसं. कुणीबी वेगळं निघायलं न्हाई. कॉम्प्युटरची घरं वेगळी निघायलीत."

मग बाबा काकांकडे न बघता म्हणाले, "मला वाटलं, ह्याला पायजे."

"मला कशाला पायजे?" काका म्हणाले. "मला वाटलं, तुमाला पायजे. म्या तर जिनिंगबी तुमच्याकडं ठेवा म्हणणार व्हतो. तुमाला मशीनचं कळत न्हाई, तरीबी."

"मला मशीनचं कळत न्हाई?"

"न्हाई कळत."

आवाज चढले आणि मला हायसं वाटलं. मामा मध्ये पडले. "शेठ, ते मागून. टेम्पो उभा हाय." बाबांनी काकांकडे पाहिलं आणि भुवई उचलली. बशी नव्हती म्हणून काकांनी हातातला मोबाइल जरासा फिरवला. बाबांनी नाक ओढलं. काका मामांना म्हणाले, "या, काट्यावर घ्या," आणि दर ठरला. मामा जाता जाता म्हणाले की गाडीभाड्यात त्यांना नाटकही बघायला मिळालं. मग सगळे हसायला लागले. आई तर पोत्याला टेकून, डोळे पुसत हसत होती.

काकू हसली नाही. ती पटाच्या कडेला उभी राहून खाली बघत होती.

"घराचं कळलं," ती म्हणाली. "पण तुजा नियम तर खराच हाय ना?"

"कुठला?"

"ज्यानं जन्म दिला, त्याच्या घरात. बाकीचे बाहेरचे." ती अगदी माझ्यासारखं म्हणाली, काठी तेवढी नव्हती. "वाटणी झाली असती, तर बरण्या निम्म्या झाल्या असत्या. तुजं निम्मं कसं केलं असतं? म्या रोज तोच इचार करायले. नियमानं तर तू ताईकडंच."

फराळाचं ते उत्तर कुठूनतरी परत यावं आणि मी ते गिळून टाकावं असं झालं. मी खाली बसले. मूठभर सरकी घेतली आणि तिच्यातले दोन दाणे दराच्या रांगेत ठेवले, एक बाबांच्या घरात आणि एक काकांच्या.

"दोन चालत न्हाईत म्हणालीस," काकू म्हणाली.

"सॉफ्टवेअरला चालत न्हाईत. त्याला शिकवते."

आणि पुढे खरंच शिकवलं. आता आमच्या कॉम्प्युटरमध्ये दोघांनी आपापल्या खोलीतून बटण दाबल्याशिवाय दर जन्मत नाही. पुण्यात माझ्या मैत्रिणीने ती मांडणी पाहिली आणि ही चूक आहे म्हणाली. मी तिला म्हटलं, मानवतला ये, चहा पी आणि मग बोल.

पण त्या दिवशी गोदामात माझं उत्तर पुरलं नाही, हे काकूच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तेव्हा आई पुढे आली. तिने एक कोरा पुठ्ठा उचलला, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि शाळेत फळ्यावर लिहायची त्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'पोरगी'. तो पुठ्ठा तिने पटाच्या शेवटी ठेवला. त्याखालच्या एका घरात सरकीचा एक दाणा ठेवला आणि शेजारचं घर बोटाने दाखवत काकूला म्हणाली, "तुजा तू ठेव."

काकूने माझ्या हातातून दाणा घेतला, उजेडाला धरून पाहिला. "हा पोचट हाय," म्हणाली. मग पोत्याशी गेली, पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, आणि आम्ही सगळे उभे असताना सावकाश निवडून एक टपोरा दाणा आणला. तो आईच्या दाण्याशेजारी ठेवला.

आईने दोन्ही दाण्यांकडे पाहिलं. "तुजा मोठा कामून गं?"

"वाढवली कुणी?" काकू म्हणाली.